ग्रेड तीनच्या खाली काय राहतं?

कॅन्सरच्या उपचारांवरचे शोधनिबंध वाचायला लागलं की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. उपचाराचा फायदा सांगून झाला की शेवटी येतं, ‘दुष्परिणाम स्वीकारार्ह होते’. कोणाला स्वीकारार्ह होते आणि ते कशावरून ठरलं, हे त्या वाक्यात नसतं. ते शोधायचं तर निबंधातल्या दुष्परिणामांच्या तक्त्याकडे जावं लागतं. आजची पोस्ट त्या तक्त्याबद्दल आहे, आणि उदाहरण म्हणून पुढच्या टप्प्यातला डोके-मानेचा कॅन्सर घेतला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हा तक्ता खोटं बोलत नाही. पण तो बनवण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात रुग्णाच्या रोजच्या जगण्यातला बराच भाग गळून पडतो. आणि घरच्यांना, रुग्णाला नेमकं त्याच भागाबद्दल विचारायचं असतं: जेवता येईल का, बोलता येईल का, किती दिवस?

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही, आकडे वाचणारी विद्यार्थिनी आहे. ही पोस्ट वाचून कोणीही चालू उपचार बदलू किंवा थांबवू नये. डॉक्टरांना विचारायचे दोन-चार चांगले प्रश्न मिळाले तरी पुरे.

आधी थोडी पार्श्वभूमी

डोके-मानेचा कॅन्सर म्हणजे तोंड, जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र या भागांतला कॅन्सर. मेंदूचा कॅन्सर यात येत नाही. ग्लोबोकॅनच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण सापडतात. पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. तंबाखू, गुटखा, मावा, सुपारी ही कारणं आपल्याला पाठ आहेत. बहुतेक रुग्ण डॉक्टरांकडे पोचतात तेव्हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असतो.

अशा वेळी उपचार साधारण असे असतात: शक्य असेल तर ऑपरेशन, मग सहा ते सात आठवडे आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार (ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात), आणि धोका जास्त असेल तर त्याच काळात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. सिस्प्लॅटिन स्वतः पेशी मारतं आणि शिवाय पेशींना किरणांपुढे दुबळं करतं. अडचण अशी की ते कॅन्सरच्या पेशी आणि तोंडाचं निरोगी अस्तर यांच्यात फारसा भेद करत नाही. अस्तराच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, गिळताना आग होते. लाळग्रंथी किरणांपुढे फार नाजूक असतात, त्यामुळे लाळ आटते. सिस्प्लॅटिनचा मार मूत्रपिंडावर आणि आतल्या कानातल्या केसपेशींवर बसतो; या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि उपचार संपल्यावर महिन्या-वर्षांनी जबड्याचे आणि गिळण्याचे स्नायू कडक होत जातात.

जो निबंध समोर ठेवला आहे

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१३ ते २०१७ या काळात एक मोठी चाचणी झाली. वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१८ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आला. प्रश्न अगदी रोजच्या ओपीडीतला होता. प्रमाणित पद्धत म्हणजे दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचा मोठा डोस, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅम. पण आपल्याकडे कित्येक ठिकाणी तो झेपणार नाही म्हणून दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम देत असत. हा लहान डोस खरंच तितकाच चालतो का?

३०० रुग्ण, प्रत्येक गटात १५०. यातल्या ९३ टक्के रुग्णांना हे उपचार ऑपरेशननंतर मिळाले. दोन वर्षांनी मूळ जागी आणि मानेत आजार ताब्यात असण्याचं प्रमाण साप्ताहिक गटात ५८.५ टक्के, तीन-आठवडी गटात ७३.१ टक्के. म्हणजे १४.६ टक्क्यांचा फरक. तीव्र दुष्परिणाम, ग्रेड ३ किंवा त्याच्या वरचे, साप्ताहिक गटात ७१.६ टक्के रुग्णांना आणि तीन-आठवडी गटात ८४.६ टक्के रुग्णांना झाले.

हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं, ते आधी नोंदवते. सवयीने चालत आलेली, सोयीची वाटणारी पद्धत कोणीतरी प्रामाणिकपणे तपासली आणि ‘सौम्य’ डोसाची किंमत कॅन्सर परत येण्यात मोजावी लागते हे दाखवलं. रुग्णही आपल्याकडचे, तोंडाच्या कॅन्सरचे. परदेशातल्या घशाच्या कॅन्सरवरच्या चाचण्यांमधून हे उत्तर मिळालं नसतं.

माझी टीका या चमूवर नाही. ती ७१.६ आणि ८४.६ या जोडीवर आहे, कारण अशी जोडी या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक निबंधाच्या सारांशात असते. ती जोडी चार चाळण्यांतून गाळून आलेली असते.

पहिली चाळणी: ग्रेड

दुष्परिणाम मोजायला जगभर एक सामायिक सूची वापरतात, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची सीटीसीएई. प्रत्येक त्रासाला १ ते ५ ग्रेड: १ सौम्य, ३ गंभीर, ४ जिवावर बेतणारा, ५ मृत्यू. सारांशात साधारणपणे ३ आणि वरचेच येतात. ऐकायला ठीक वाटतं. आता सूची उघडून बघा.

कोरडं तोंड. ग्रेड २ म्हणजे: खाण्यात बदल करावा लागतो, घासागणिक भरपूर पाणी प्यावं लागतं, फक्त मऊ, ओलसर किंवा वाटलेलं अन्न जातं. ग्रेड ३ कधी? तोंडाने पुरेसं खाताच येत नाही आणि नळीने अन्न द्यावं लागतं तेव्हा. म्हणजे ज्या माणसाला भाकरी, फरसाण, शेंगदाणे, कोरडी पोळी जन्मात पुन्हा खाता येणार नाही, रात्री तीनदा उठून पाण्याचा घोट घ्यावा लागतो, तो ग्रेड २. सारांशातल्या आकड्यात तो दिसत नाही.

तोंड न उघडणं. लहान घास, मऊ किंवा पातळ अन्न लागत असेल तर ग्रेड २. तोही बाहेर.

चव. इथे तर कमाल आहे. चव पूर्ण गेली तरी सूचीत तिची कमाल ग्रेड २ आहे, ग्रेड ३ अस्तित्वातच नाही. तेव्हा एखाद्या चाचणीत शंभरच्या शंभर रुग्णांची चव गेली, तरी ‘ग्रेड ३ आणि वर’ या रकान्यात त्याची भर शून्य.

ग्रेड ३ची रेघ मुळात ‘आता डॉक्टरांनी काहीतरी करायला हवं’ या प्रश्नासाठी सोयीची आहे. सलाईन, नळी, भरती, डोस कमी. त्या कामाला ती उत्तम आहे. ‘हे किती सोसावं लागेल’ या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून घ्यायला गेलं की गडबड होते.

दुसरी चाळणी: एक रुग्ण, एक टिंब

‘८४.६ टक्के रुग्णांना ग्रेड ३ किंवा वरचा त्रास झाला’ यात एक रुग्ण एकदाच मोजला जातो. एकाला पाच दिवस गंभीर तोंड आलं. दुसऱ्याला गंभीर तोंड आलं, उलट्यांनी सोडियम घसरलं, पांढऱ्या पेशी पडल्या आणि तो दोनदा भरती झाला. तक्त्याच्या या ओळीत दोघे सारखे. शिवाय प्रत्येक त्रासाचा सगळ्यात वाईट ग्रेड तेवढा लिहिला जातो; तो तीन दिवस टिकला की तीन महिने, याची नोंद सहसा वर येत नाही.

ही तक्रार मी नव्याने करत नाहीये. ॲण्डी ट्रॉटी, सोरेन बेंट्झेन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त टेम नावाची पद्धत मांडली होती. अमेरिकेतल्या डोके-मानेच्या कॅन्सरच्या जुन्याच चाचण्या घेऊन त्यांनी प्रति रुग्ण एकूण किती गंभीर त्रास झाले याची बेरीज केली. रूढ पद्धतीत दोन उपचारांमधला जो फरक मध्यम वाटत होता, तो या हिशेबात कितीतरी मोठा निघाला. कारण सरळ आहे. सगळ्या गटांत बहुतेकांना किमान एक गंभीर त्रास होणारच असेल, तर ‘किमान एक’ मोजणारा आकडा लवकरच वर जाऊन अडकतो, आणि त्याच्या पुढची वाढ त्याला दिसत नाही. ७१.६ आणि ८४.६ दोन्ही तशाच उंचीवर आहेत.

आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असेल तर दिवसांचा हा हिशेब आणखी महत्त्वाचा होतो. टाटा मेमोरियलमधलीच आणखी एक चाचणी घ्या, २०२०मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेली. ४२२ रुग्ण, एका गटाला तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्झेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या, दुसऱ्याला शिरेतून सिस्प्लॅटिन. मध्यक आयुष्य ७.५ महिने विरुद्ध ६.१ महिने, ग्रेड ३ आणि वरचे दुष्परिणाम १९ टक्के विरुद्ध ३० टक्के. इथे गोळ्यांचा गट दोन्ही बाजूंनी सरस, त्यामुळे निर्णय सोपा होता. पण सहा-सात महिने हातात असलेल्या माणसासाठी त्यातले किती दिवस गावी, घरात, आपल्या माणसांत गेले हा आकडा टक्केवारीपेक्षा जास्त बोलका ठरला असता.

तिसरी चाळणी: पेन कोणाच्या हातात?

सीटीसीएईचा ग्रेड डॉक्टर किंवा संशोधन-कर्मचारी लिहितात. गर्दीच्या ओपीडीत रुग्ण ‘बरं आहे साहेब’ म्हणतो, कारण मागे रांग असते, किंवा तक्रार केली तर उपचार थांबवतील अशी भीती असते. तोंड आलेलं असताना बोलणंच कष्टाचं असतं, मग उत्तर बरोबर आलेलं भाऊ किंवा बायको देते.

ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १६३ रुग्णांवर हे तपासलं. डॉक्टरांनी लिहिलेले ग्रेड मृत्यू आणि इमर्जन्सीत जाणं यांचा अंदाज जास्त चांगला देत होते. रुग्णांनी स्वतः लिहिलेले ग्रेड त्यांच्या रोजच्या तब्येतीशी जास्त जुळत होते, आणि ते त्रास लवकर व जास्त वेळा नोंदवत होते. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो कोणालाच खोटं पाडत नाही. दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. तक्त्यात मात्र बहुतेक वेळा एकाचंच मोजमाप असतं.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. गुटखा-सुपारीने अनेकांचं तोंड कॅन्सरच्या आधीपासूनच आवळलेलं असतं, ज्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. अशा रुग्णाच्या तोंडात दोन किंवा एकच. उपचारानंतर त्याचं तोंड उघडत नाही, तेव्हा त्यातलं सुपारीचं किती, ऑपरेशनचं किती आणि किरणांचं किती? सुरुवातीचं माप न घेता शेवटचा ग्रेड लिहिला तर उत्तर मिळणार नाही.

चौथी चाळणी: मोजणं कधी थांबतं?

टाटाच्या २०१८च्या निबंधात पाठपुराव्याचा मध्यक २२ महिने होता. पहिल्या निकालासाठी तो पुरेसा आहे. पण कडक होणारे स्नायू, जबड्याच्या हाडाचं मरणं, गिळताना अन्न श्वासनलिकेत जाणं, या गोष्टींचं कॅलेंडर मोठं असतं.

याचं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेतल्या आरटीओजी ९१-११ या चाचणीत आहे. पुढच्या टप्प्यातल्या स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र न काढता उपचार करण्याचे तीन मार्ग तिने ताडून पाहिले. २००३च्या निकालात किरण आणि केमो एकत्र देण्याचा मार्ग स्वरयंत्र वाचवण्यात सरस ठरला. २०१३मध्ये दहा वर्षांचे आकडे आले. स्वरयंत्र वाचवण्यात तोच गट अजून पुढे होता. नोंदवलेल्या गंभीर उशिराच्या दुष्परिणामांत गटांमध्ये फरक दिसला नाही. पण ज्यांचं कारण कॅन्सर किंवा उपचार असं लिहिलं नव्हतं, असे मृत्यू एकत्र उपचाराच्या गटात ३०.८ टक्के, आधी केमो मग किरण या गटात २०.८ टक्के आणि नुसत्या किरणांच्या गटात १६.९ टक्के होते.

दुष्परिणामांचा तक्ता म्हणतो फरक नाही, मृत्यूची नोंद म्हणते काहीतरी आहे. गिळण्याची हळूहळू ढासळणारी क्रिया आणि त्यातून वारंवार होणारा न्यूमोनिया, अशी एक शंका व्यक्त झाली आहे. ती सिद्ध झालेली नाही. पण दहा वर्षांनी न्यूमोनियाने गेलेला माणूस ‘इतर कारण’ या रकान्यात जातो, आणि तो रकाना कोणी पुन्हा उघडून बघत नाही.

त्याच संस्थेच्या तीन चाचण्यांमधले २३० रुग्ण एकत्र करून माख्टे आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये मुद्दाम उशिराच्या त्रासांचा शोध घेतला. दोन वर्षांनीही नळी लागणं, घशा-स्वरयंत्राचा गंभीर त्रास, उपचाराशी संबंधित असू शकणारा मृत्यू, हे सगळं धरलं तर ४३ टक्के रुग्ण त्यात बसले. शोधलं तर सापडतं.

रेघ खाली आणली तर?

कोणी म्हणेल, ग्रेड २ मोजून काय मोठं हाती लागणार? ब्रिटनमधली पार्सपोर्ट चाचणी (२०११) याचं उत्तर देते. घशाच्या कॅन्सरचे ९४ रुग्ण, नेहमीचे किरणोपचार विरुद्ध लाळग्रंथी वाचवणारं आयएमआरटी तंत्र. त्यांनी मुख्य निकष म्हणूनच ‘एका वर्षानंतर ग्रेड २ किंवा वरचं कोरडं तोंड’ ठेवला. नेहमीच्या गटात ७४ टक्के, आयएमआरटी गटात ३८ टक्के. दोन वर्षांनी ८३ आणि २९. आजार ताब्यात राहण्यात फरक दिसला नाही. ग्रेड ३ची रेघ धरून बसले असते तर कोरड्या तोंडातला हा फरक बराचसा झाकलेला राहिला असता.

आणि याच चाचणीत ग्रेड २ मोजल्यामुळे उलटी गोष्टही कळली. उपचार चालू असतानाचा थकवा आयएमआरटी गटात जास्त होता, ७४ टक्के विरुद्ध ४१ टक्के. नव्या तंत्राच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडची माहिती त्याच रेघेखाली होती.

२०२३च्या डार्स चाचणीने आणखी एक पाऊल टाकलं. गिळण्याचे स्नायू वाचवणाऱ्या किरणोपचाराचा मुख्य निकष म्हणून रुग्णांनी स्वतः भरलेली गिळण्याची प्रश्नावली घेतली. वर्षभराने गुण ७७.७ विरुद्ध ७०.६. इथे पेन रुग्णाच्या हातात होतं आणि निबंध तरीही ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आला.

दुसरी बाजू

ग्रेड ३च्या रेघेच्या बाजूने खरे मुद्दे आहेत. सौम्य त्रासांच्या नोंदी केंद्रागणिक बदलतात. गंभीर त्रासांवर डॉक्टरांचं एकमत लवकर होतं. कमी मनुष्यबळात चालणाऱ्या चाचणीत प्रत्येक भेटीला तीस प्रश्न विचारायला माणूस कुठून आणणार? आणि सगळ्यात मोठा मुद्दा: परत आलेला कॅन्सर कोणत्याही कोरड्या तोंडापेक्षा भयंकर असतो. ते १४.६ टक्के विसरून नुसता त्रास मोजणं हीसुद्धा फसवणूकच.

हे मला मान्य आहे. पण त्रासाचा हिशेब नीट ठेवला की कधीकधी मधला रस्ताही दिसतो. जपानच्या जेसीओजी १००८ चाचणीत (२०२२) ऑपरेशननंतरच्या २६१ रुग्णांमध्ये साप्ताहिक डोस ३० ऐवजी ४० मिलिग्रॅम ठेवला. तीन वर्षांनी हयात असणारे ७१.६ टक्के, तीन-आठवडी गटात ५९.१ टक्के, साप्ताहिक पद्धत कमी प्रतीची नाही हे सिद्ध झालं. पांढऱ्या पेशींची गंभीर घट ३५ विरुद्ध ४९ टक्के, मूत्रपिंड आणि कानांचा त्रासही साप्ताहिक गटात कमी. टाटाच्या निकालाला हा निकाल खोडत नाही, कारण डोस वेगळा आहे. ‘साप्ताहिक’ हा एकच शब्द दोन्हीकडे असला तरी प्रश्न किती मिलिग्रॅमचा आहे, आणि कुठल्या रुग्णाच्या कुठल्या अवयवाची काळजी आधी करायची, हा आहे.

मग मागणं काय?

नवी महागडी यंत्रणा नको. माझ्या मते चार गोष्टी पुरतील. सारांशात ‘किमान एक ग्रेड ३’ सोबत प्रति रुग्ण एकूण किती गंभीर त्रास झाले ते द्या. कोरडं तोंड, गिळणं, तोंड उघडणं, चव आणि ऐकणं या पाच गोष्टींपुरती तरी ग्रेड २ची टक्केवारी सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं अशी द्या. उपचाराआधी तोंड किती उघडत होतं ते मिलिमीटरमध्ये लिहा. आणि रुग्णाची स्वतःची प्रश्नावली घ्या. डोके-मानेच्या कॅन्सरसाठीच्या युरोपीय प्रश्नावलीचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे, तेव्हा भाषेची सबबही नाही.

आणि तुमच्या घरी कोणावर हे उपचार सुरू होणार असतील, तर ‘साइड इफेक्ट किती?’ एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर टक्क्यांत येईल. विचारा: सहा महिन्यांनी हे काय खाऊ शकतील? नळी लागली तर साधारण किती आठवडे? दातांच्या डॉक्टरांना शेक सुरू होण्याआधी दाखवायचं का? गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून कोण शिकवेल? ऐकण्याची तपासणी केमोच्या आधी होणार का? यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेत केल्या तर पुढचा त्रास कमी होऊ शकतो. तो कमी झाला तरी कुठल्या तक्त्यात कदाचित दिसणार नाही, पण रुग्णाला तो रोज दोन वेळा जेवताना जाणवेल.